पोळ्याच्या दिवशी मी विझत राहिलो

मी सिगार. आजवर बोलायला तोंड उघडलं की नुसता धूर यायचा, म्हणून काही सांगता आलं नाही. आता धूर संपलाय. थोडा वेळ हाताशी आहे, तेवढ्यात माझी कहाणी सांगून टाकतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका उष्ण देशात झाला. एका लाकडी फळीवर एका बाईने तंबाखूची पानं एकात एक घेऊन मला वळलं. वरून एक तुकतुकीत पान फेट्यासारखं गुंडाळलं आणि पोटावर सोनेरी कागदाची पट्टी चिकटवली. माझ्यापाठोपाठ त्याच फळीवर माझा धाकटा भाऊ झाला. आम्ही दोघं इतके सारखे होतो की आम्हालाही आमच्यातला फरक कळत नसे. आमची स्वप्नंही सारखीच होती. कुणा रुबाबदार माणसाच्या हातात जावं, मऊ खुर्चीत त्याच्यासोबत बसावं आणि शांतपणे राख व्हावं.

पण आम्हाला प्रीतमने विकत घेतलं.

प्रीतम जहाजावर स्वयंपाकी आहे. पोळ्याच्या तोंडावर तो सुट्टी घेऊन मामाच्या गावी निघाला आणि आम्हीही त्याच्या पिशवीतून निघालो. विमान, रेल्वे, मग गंगाखेडहून एसटी. राणीसावरगावच्या अलीकडे एका वाडीच्या फाट्यावर आम्ही उतरलो, तेव्हा माझ्या अंगाला प्रीतमच्या चिवड्याचा वास लागला होता.

प्रीतमने मला त्याच्या मामाच्या, म्हणजे आश्रुबाच्या हातात ठेवलं. आश्रुबा उभ्या आयुष्यात विडीशिवाय काही ओढलेला माणूस नव्हता. त्याने मला उलटंसुलटं करून पाहिलं, नाकाशी धरलं आणि विचारलं, "एवढी मोठी विडी कोन ओढतंय रे? का हे खांद्यावर घेऊन हिंडायचं अस्तंय?"

माझ्या भावाला प्रीतम शेजारच्या लिंबाजीकडे देऊन आला. लहानपणी लिंबाजीनेच त्याला विहिरीत पोहायला शिकवलं होतं. हे कळल्यावर आश्रुबाचं तोंड उतरलं.

"तेला कामून दिलास?"

"मामा, लिंबूकाका घरचेच हाईत की."

"घरचा! मागल्या पोळ्यापासून आमी एकमेकाचं तोंड बगत न्हाई. तुला न्हाई ठावं."

प्रीतमला खरंच ठाऊक नव्हतं. मलाही मग हळूहळू कळलं. गावात पोळ्याचा मान पूर्वी माणिकरावांकडे होता. त्यांची बैलजोडी सगळ्यांत आधी तोरणाखालून जायची, मग पोळा फुटायचा आणि बाकीच्यांचे बैल निघायचे. पण माणिकरावांनी बैल विकून ट्रॅक्टर घेतला आणि मान मोकळा झाला. तेव्हापासून आश्रुबा म्हणायचा, आता मान माझ्या नवाब-वजीरचा. लिंबाजी म्हणायचा, माझ्या लाल्या-चांद्याचा. मागच्या वर्षी दोघांनी एकदमच बैल पुढे घातले. चारही बैल तोरणाखाली अडकले, शिंगात शिंग गुंतलं आणि आंब्याच्या पानांचं तोरण माणिकरावांच्या गळ्यात पडलं. काही लोकांनी चुकून टाळ्या वाजवल्या.

यंदा भांडणात आम्हा भावांची भर पडली. चहाच्या हॉटेलात आश्रुबा सांगायचा, "मपली विडी पेटली तर दुपारपस्तोर इझणार न्हाई." दुसऱ्या बाकड्यावरून लिंबाजी हॉटेलवाल्याकडे बघत म्हणायचा, "सांगा तेला, मपली दिवस मावळंपस्तोर चालंल." शेवटी माणिकराव कंटाळले.

"मंग असंच करा," ते म्हणाले. "पोळ्याच्या दिवशी दोघं बी माझ्या ओसरीवर बसा. दोघांनी संगंच पेटवायची. जेची जास्त येळ चालंल, मान तेचा. कबूल?"

"कबूल," दोघं हॉटेलवाल्याला म्हणाले.

प्रीतमला पंच नेमलं. त्याने नियम सांगितला. सिगार विझला तर तीनदा पुन्हा पेटवता येईल, चौथ्यांदा विझला की हार.

आता तुम्हाला वाटेल, माझी चांगली बडदास्त ठेवली असेल. ठेवली, पण जरा जास्तच. आश्रुबाची बायको मालनबाई विड्याची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवायची. "हे बी पानच हाय की," असं म्हणत तिने मलाही तसंच ठेवलं. माझी एक बाजू माठाला लागून गार आणि ओली राहिली, दुसरी चुलीच्या बाजूला वाळत गेली. तिकडे लिंबाजीने माझ्या भावाला हरभऱ्याच्या कोठीत खुपसून ठेवलं. हरभऱ्याने त्याच्या अंगातला ओलावा पार शोषून घेतला. पोळ्याच्या दिवशी आम्ही भाऊ भेटलो, तेव्हा मी अर्धा सर्दीने आणि तो पूर्ण कोरडेपणाने हैराण होतो.

माणिकरावांच्या ओसरीवर दोन खाटा टाकल्या होत्या. समोर दोन्ही बैलजोड्या सजून उभ्या होत्या. झुली, बाशिंगं, शिंगांना रंग. सगळं गाव जमलं होतं.

आश्रुबाने मला कापायला अडकित्ता काढला. सुपारी फोडल्यासारखा कचकन दाबला आणि माझ्या टोकाबरोबर फेट्याचाही तुकडा उडवला. माझं वरचं पान सुटायला लागलं. मालनबाईने पुरणपोळीच्या कणकेचा बारीक गोळा आणून ते चिकटवलं. लिंबाजीने भावाचं टोक दातानेच तोडलं आणि लांब थुंकलं.

"मामा, आधी टोक नुसतं शेकायचं," प्रीतम समजावू लागला. "गोल फिरवत. मंग हळू ओढायचं. धूर तोंडातच ठिवायचा, छातीत न्यायचा न्हाई."

"धूर छातीत न्यायचा न्हाई तर ओढायचा कामून?" आश्रुबा म्हणाला. त्याने काडी लावली आणि विडीच्या सवयीने एक जोरदार झुरका मारला.

पुढचा थोडा वेळ आश्रुबा खोकत होता. नवाब बैल वळून बघायला लागला.

मी पेटलो खरा, पण एकाच बाजूने. वाळलेली बाजू भराभर जळत पुढे पळाली आणि ओली बाजू तशीच काळी, रुसून बसली. माझं तोंड तिरकं झालं. लोक हसायला लागले. मला इतकी लाज वाटली की धूरही धड निघेना.

समोरच्या खाटेवर लिंबाजीला ते बघवेना. तो वर्षभर आश्रुबाशी बोलला नव्हता, पण शेतात नांगराचं वाकडं तास दिसलं तरी चैन न पडणारा माणूस तो.

"प्रीतम, सांग तेला," तो शेवटी म्हणाला, "एकाच अंगानं जळायलंय."

"मला दिसतंय म्हनाव," आश्रुबा गुरगुरला.

प्रीतम म्हणाला, "मामा, बोट ओलं करून पळणाऱ्या बाजूला हळूच लावा. ती थांबंल, तवर दुसरी गाठंल." उपाय बरोबर होता. पण आश्रुबाला हळूच म्हणजे काय हे माहीत नव्हतं. त्याने तांब्यात चार बोटं बुडवून मला असं पुसलं, जशी मालनबाई चूल सारवते. मी चर्रकन विझलो.

"एक!" माणिकराव ओरडले.

"आता राख झाडा," प्रीतम म्हणाला, "आन् पेटवायच्या आधी उलटी फुंकर मारा. आतला शिळा धूर भायेर जाऊ द्या, न्हाईतर कडू लागंल."

आश्रुबाने गाल फुगवले आणि भात्यासारखी फुंकर मारली. शिळा धूर गेला, उरलेली राखही गेली, आणि ती सगळी माणिकरावांच्या नव्या पांढऱ्या सदऱ्यावर बसली. मागच्या वर्षी तोरण, यंदा राख. पोळ्याला त्यांच्या अंगावर काहीतरी पडायचंच.

मी पुन्हा पेटलो. या वेळी वरून छान दिसत होतो, पण आतून पोखरला जात होतो. माझं बाहेरचं ओलं पान जळत नव्हतं आणि आतला गाभा जळून भुयार पडत चाललं होतं. आश्रुबा ओढत होता, धूर मात्र येत नव्हता. मी परत विझलो. प्रीतमने अडकित्ता मागवला, भुयाराइतका तुकडा उडवून टाकला आणि माझं नवं तोंड काडीच्या आचेवर फिरवून फिरवून शेकलं. आता मी लांबीने भावाच्या निम्मा उरलो होतो.

भावाची तऱ्हा उलटी होती. तो कोरडा ठणठणीत, त्यामुळे चुलीतल्या पाचटासारखा पेटला. लिंबाजीला वाटलं, विझू नये म्हणून सारखं ओढत राहावं. तो ओढत राहिला. भाऊ तापला, त्याचं वरचं पान तडतडून उललं, आणि लिंबाजीच्या कपाळावर घाम आला.

हे बघून आश्रुबाला एवढं हसू फुटलं की तो मला ओढायचंच विसरला. मी तिसऱ्यांदा विझलो.

"तीन!" माणिकराव लांब सरकून ओरडले.

आता शेवटची काडी. आश्रुबाचं हसू थांबलं. त्याने स्वतः राख झाडली, अगदी हळू उलटी फुंकर मारली, मला फिरवत कडेने शेकलं आणि मगच एक बारीक झुरका घेतला. मी अख्ख्या तोंडाने, गोल, सारखा पेटलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी जसा जळायला हवा तसा जळत होतो. माझा धूर निळा आणि संथ होता. मला वाटलं, याचसाठी त्या बाईने मला वळलं असेल.

तेवढ्यात आश्रुबाचं लक्ष समोर गेलं. लिंबाजीचा चेहरा शेवाळासारखा दिसत होता.

"लिंब्या," तो म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदाच. "दमानं वड की. लय जोरात वडायलास."

"तू... तू मपली काळजी करू नगंस," लिंबाजी म्हणाला. "तुजंच तोंड हिरवं पडायलंय."

"मपलं?" आश्रुबाने गालाला हात लावला. मग त्यालाही जाणवलं. ओसरी हलत होती, माणिकराव दोन दिसत होते आणि बैल चारऐवजी आठ.

दोघंही एकदमच आडवे झाले. आम्ही भाऊ दोघांच्या बोटांतून सुटून खाली पडलो आणि विझलो. आधी कोण विझलं? कुणालाच कळलं नाही. प्रीतम लिंबू आणायला पळाला होता, माणिकराव सदरा झटकत होते आणि गाव आश्रुबाची वांती बघत होतं. मला स्वतःला विचाराल, तर मी तोंडावर पडलो होतो, मला काही दिसलं नाही.

इकडे वेशीवर हलगी सुरू झाली. दिवस कलायला आला. मानाची जोडी गेल्याशिवाय पोळा फुटत नाही, आणि मानाच्या दोन्ही जोड्यांचे मालक खाटेवर निपचित. मागे सगळ्या गावाचे बैल ताटकळलेले. एका बैलाने तर पुढच्याची झूल खायला सुरुवात केली.

लिंबाजीची सून दैवशाला पदर खोचून पुढे आली.

"मालनकाकू, आता काय करायचं? आबाला उठवत न्हाई."

"आमच्याला तर कोन गाव हाय ते बी सुदरंना," मालनबाई म्हणाली. तिने चारही बैलांकडे बघितलं. "तू तुमचा एक सोड. मी आमचा एक सोडते."

"मंजी?"

"मंजी एक तुमचा, एक आमचा. जोडी तर जोडी. तोरणाला काय कळतंय कोनाचा कोनता?"

दैवशालाने चांद्याचा कासरा धरला, मालनबाईने नवाबचा. बाया बैल घेऊन पुढे निघाल्या तसे काही म्हातारे कुरकुरले. मालनबाई थांबून म्हणाली, "मंग तुमी या धरायला. पर आधी ती विडी वडून दावा." म्हातारे मागे सरले.

नवाब आणि चांद्या कधी एका जुवाखाली चालले नव्हते. पण वेशीपर्यंत ते असे पाय टाकत गेले की हलगीवाल्याचाच ठेका चुकला. तोरणाखालून दोघं शेजारी शेजारी निघाले आणि पोळा फुटला. गावाने एवढा ओरडा केला की खाटेवरच्या दोघांनी डोळे उघडले.

"कोन गेलं रे म्होरं?" आश्रुबाने विचारलं.

प्रीतमने सांगितलं. मग लिंबाजी क्षीण आवाजात म्हणाला, "उजव्या अंगाला कोनता होता?"

"चांद्या," प्रीतम म्हणाला.

"मंग मान आमचाच," लिंबाजी म्हणाला.

"उजवा इकडून बगितलं तर," आश्रुबा कोपरावर उठत म्हणाला. "तोरणाकडून बगितलं तर नवाब उजवा."

"तोरणाला डोळे हाईत व्हय रे, आश्र्या?"

"तुला तरी कुटं हाईत, लिंब्या?"

तेव्हापासून ते रोज बोलतात. सकाळ-संध्याकाळ, उजवं कोणतं आणि डावं कोणतं यावर. शेजाऱ्यांना झोप लागत नाही, पण दोघांचं चहाचं बाकडं आता एकच आहे. भाऊ माझा त्या दिवशीच चिरडला गेला. लिंबाजीने त्याला उकिरड्यावर पुरलं आणि वर नीट मातीही लोटली, हे मी दुरून पाहिलं.

मला मात्र आश्रुबाने जपून ठेवलं. चार-दोन दिवस तो रोज संध्याकाळी मला काढायचा, काडी लावायचा आणि तोंड वाकडं करून थुंकायचा. माणसांनो, एवढं लक्षात ठेवा. विझलेला सिगार थोड्या वेळात पेटवला तर पेटवा. राख झाडा, उलटी फुंकर मारा, कडेने शेका. पण रात्र उलटल्यावर त्याला उगीच छळू नका. तेव्हा त्याच्यात कडूपणाशिवाय काही उरलेलं नसतं, आणि तो कडूपणा त्यालाही नकोसा झालेला असतो.

मालनबाईला हे कुणी न सांगता कळलं. नवाबच्या मानेवर गोचीड झालेत, आणि तंबाखूच्या पाण्याने ते मरतात. काल तिने माझी सोनेरी पट्टी सोडून घेतली, बोटात अंगठीसारखी घालून पाहिली, स्वतःशीच हसली आणि मला पाण्याच्या डबड्यात भिजत टाकलं. आता मी चहुबाजूंनी सारखाच ओला झालोय. उद्या सकाळी माझ्या पाण्याने नवाबची मान चोळायची आहे. मऊ खुर्ची नाही मिळाली, पण गावात मानाच्या बैलाच्या मानेवर बसायला सगळ्यांना कुठे मिळतं?

येतो मी. काही चुकलं असेल तर पोटात घाला. आणि गोचिडांनो, तुम्हालाही हात जोडून सांगतो, आज रात्रीच दुसरं जनावर बघा.