कॅमेऱ्यामागचा आवाज

कोइमतूरच्या सोनं गाळायच्या, गलाईच्या दुकानातून दिवाळीला गावी येताना विश्वजितनं बायकोला, अंजनाला, साडी आणायची ती हँडीकॅम आणला. तळहातावर मावेल एवढा, पण चित्र एचडी. आठ दिवसांत त्याची हौस फिटली आणि कॅमेरा तिच्या हातात गेला, तो गेलाच. तिनं आधी म्हैस शूट केली, मग भावकी. म्हैस जास्त शांत उभी राहते, असं तिचं मत झालं.

शेजारच्या शालूबाईंच्या वीरधवलचं लग्न आलं आणि विट्याचा व्हिडिओवाला ऐन वेळी दुसऱ्या लग्नाला पळाला. शालूबाई दारात आल्या.

"अंजना, तुज्याकडं ते मशीन हाय न्हवं? तूच काढ. पर मंगलाष्टकं नीट आयकू आली पायजेत. त्यावर गाणी घालू नगंस."

अंजना सकाळी सातपासून उभी. स्टँड नव्हता, म्हणून कोपरं पोटाशी आवळून धरलेली. हात हलू नये याची तिनं लय काळजी घेतली. तोंड हलू नये याचीही घ्यायची असते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग पंधरा दिवस लेकीच्या, सोनियाच्या, जुन्या लॅपटॉपवर एडिटिंग. एचडीच्या फायली इतक्या जड, की नवरदेव मधेच हात वर करून थिजायचा. लॅपटॉपचा स्पीकर कधीचाच गेलेला, आणि इअरफोन सोनियाबरोबर सांगलीच्या हॉस्टेलवर. अंजनानं सगळं मुक्यानंच उरकलं. तोंड वासून जेवणारे पाहुणे कापले, एकाच्या बोटाचं नाकात चाललेलं खोदकाम कापलं, हळदीवर आणि वरातीवर गाणी चढवली. मंगलाष्टकांना मात्र हात लावला नाही. शब्द म्हणजे शब्द.

रविवारी दुपारी शालूबाईंच्या सोप्यात मोठ्या टीव्हीपुढं पंचवीस-तीस माणसं जमली. पुढच्या खुर्चीत शालूबाईंचे दीर नाथाजीराव, साखर कारखान्याचे डायरेक्टर. मागं भिंतीला टेकून नवी सून क्रांती, फलटणची. हळद झकास झाली. एचडीत शालूबाईंची पावडर कुठं संपते आणि मान कुठं सुरू होते, तेही लख्ख दिसत होतं, पण बोललं कुणी नाही.

मग मंगलाष्टकं लागली. भटजी लांबून पुटपुटत होते. त्यांच्यावरून एक आवाज खणखणीत आला.

"आलं बघा डायरेक्टर. पॉट म्होरं, मानूस मागनं."

सोप्यात शालूबाई तेवढ्या पदराआड खुदकन हसल्या. कोण बोललं ते अंजनाला आधी कळेना. मग कळलं, आवाज तिचाच. भटजी कॅमेऱ्यापासून चाळीस फुटांवर होते आणि तिचं तोंड वीतभर.

ती रिमोटवर झेपावली. नाथाजीरावांनी तो उचलून मांडीखाली घातला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "माजं झालं. आता दुसऱ्यांचं बी आयकू."

"बाळासोनं केस रंगवल्यात का बूट पालिश लावलंय?" टीव्ही म्हणाला. पडद्यावर भावकीतल्या बाळासोची कॉलर घामानं काळी झालेली स्पष्ट दिसली.

सोप्यात बसलेला बाळासो ताडकन उठला. "बंद करा रं ते!"

"रंगूबाई अक्षता टाकतीया का कोंबड्यास्नी दाणं?"

बाळासो परत खाली बसला आणि मांडीवर थाप मारून हसला.

"शालूकाकीनं सकाळधरनं चा बी इचारला न्हाई," आवाज पुढं चालू. "आन् ही पोरगी बघा, कसली ग्वाड. ह्या बाईच्या हाताखाली कशी निभायची? मी हाय म्हना शेजारी. भिताडावरनं हाक मारली तरी यीन."

"भावजी, बंद करा!" शालूबाई कडाडल्या.

"का वो वैनी? माज्या पोटाला हसलासा, तवा ग्वाड लागलं?"

सोपा खदखदला. शालूबाई आत गेल्या आणि भांडी आपटू लागल्या. अंजना मागच्या दारानं निसटली. दोन दिवस तिनं शेजारच्या अंगणाकडं मान वळवली नाही.

तिसऱ्या दिवशी क्रांतीच दारात उभी.

"पुसून टाकते गं बाई ते सगळं," अंजना घाईनं म्हणाली. "चुकलं माजं."

"पुसू नगासा, काकी. मला पेनड्राइव्हवर द्या. आईला पाठवायचंय. ती रोज फोनवर इचारती, तितं तुज्या बाजूचं कोन हाय का? मी सांगून तिला पटत न्हाई."

अंजनानं लॅपटॉप उघडला. तिनं पेनड्राइव्ह लावला. लॅपटॉपनं कॉपीला चाळीस मिनिटं दाखवली. क्रांती पाटावर ऐसपैस बसली आणि तिनं पडद्यावरच्या एका निळ्या फेट्यावर बोट ठेवलं.

"आमच्याकडच्यांची तुमाला वळख न्हवती, म्हनून ती सुटली. हे माजं मामा. लग्नाला आलं न्हवतं, पंगतीत नंबर धराय आलं हुतं. आन् ही मावशी, हिच्या नाकाला सगळ्याचाच वास येतो."

अंजना खो खो हसत सुटली. पोरीची जीभ तिच्याहून चार अंगुळं लांब निघाली. फाइल कधीच कॉपी होऊन गेली, तरी फलटणचे पाहुणे संपले नव्हते.