भिंत काळीच राहिली

मित्रांनो, मी एक जुनी, काळी, तळहातावर मावेल एवढी डबी आहे. भंगारवाल्याच्या फळीवर, एका फुटक्या आरशाशेजारी मी पडून असते. मला डोळे नाहीत, तरी एका गाडीचे सगळे दिवे एकेकाळी माझ्या हवाली होते. मिस्त्री लोक मला मॉड्यूल म्हणत.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे धुळीचा कण नव्हता. एका बाईने भिंगाखाली माझे बारीक सांधे तपासले, मान हलवली आणि मला पुढे सरकवले. जगात आल्यावर मिळालेली तेवढीच शाबासकी. मग मला माझे काम शिकवले गेले. चालकाने बटण दाबले की निरोप माझ्याकडे यायचा आणि मी त्या दिव्याला वीज सोडायची. बाहेर अंधारून आले की काचेवरचा सेन्सर मला सांगे, मी हेडलाइट लावी. बटणाकडून निरोपच येईनासा झाला, तर हेडलाइट आपणहून लावून ठेवायचे. काही झाले तरी गाडी आंधळी होऊ द्यायची नाही, हा माझा पहिला धडा.

दुसरा धडा मोजण्याचा. पेटलेला दिवा वीज पितो, जळालेला पीत नाही. इंडिकेटरचा दिवा वीज पिईना, की मी टिकटिक दुप्पट वेगाने करायची. ती घाई ऐकून चालकाने समजावे, एक दिवा गेला.

माझे मालक शिंपी होते. पूर्वीच्या गाडीपासून त्यांची एक सवय होती. निघण्याआधी ते गाडी दुकानाच्या पांढऱ्या भिंतीकडे पाठ करून उभी करत, इंडिकेटर लावत, खाली उतरत आणि भिंतीवर पिवळा उजेड उघडमीट करतो का ते बघत. आधी डावा, मग उजवा. शिवणीवरून बोट फिरवावे तसे.

त्यांची एकुलती एक लेक हसायची. "बाबा, भिंतीला काय विचारता? ही गाडी स्वतःच सांगते दिवा गेला तर."

"सांगते का खरंच?"

एकदा पुढचा बल्ब गेला आणि मी घाईने टिकटिकले. मालक खूश झाले. "हुशार आहे गं ही!" त्या दिवसापासून त्यांनी भिंत बघणे सोडले. मला अभिमान वाटला, मित्रांनो. त्याची लाज आज वाटते.

पुढे गाडी वायरिंगच्या मिस्त्रीकडे गेली. "काका, मागे एलईडी टाकू या. हे पिवळे बल्ब म्हाताऱ्यांच्या गाडीत शोभतात."

"मग ही गाडी काय तान्ह्या बाळाची आहे? टाक, काय टाकायचं ते."

नवे दिवे लख्ख होते, पण वीज अगदी थोडी पीत. मला वाटले, दिवे जळाले. मी घाई सुरू केली. मालक वैतागले. "अरे, ही घड्याळ गिळल्यासारखी का करते?"

"तिचं तोंड बंद करतो, काका." मिस्त्रीने दिव्याकडे जाणाऱ्या वायरीला वाटेतच एक रेझिस्टन्स जोडला. त्याचे काम एकच, जुन्या बल्बाएवढी वीज फुकट खाऊन तापत बसायचे. माझे माप जुळले. मी शांत झाले. दिवा आणि माझ्यामध्ये एक खोटारडा बसला आहे, हे मला कळायला काही वाट नव्हती.

वर्षभरात त्याच्या उष्णतेने शेजारची वायर वितळली. उजवीकडचा मागचा दिवा मेला. रेझिस्टन्स मात्र वीज खातच होता, आणि मी ठेक्यात टिकटिकत होते.

लेकीला दुसऱ्या गावी छापखान्यात नोकरी लागली. तिची गादी, ट्रंक आणि स्टोव्ह गाडीत भरला. ती मागून स्कूटरवर येणार होती. मालक म्हणाले, "रस्ता तुला माहीत नाही. माझ्या दिव्यांकडे बघत ये."

"आणि हरवले तर?"

"मी पुढे असताना कशी हरवशील, पोरी?"

दिवस मावळता मावळता उजवे वळण आले. मालकांनी इंडिकेटर दिला, वेग कमी केला. मी टिकटिकले. मागे काहीच लागले नाही. लेकीला वाटले, बाबा पुढे जायला वाट देत आहेत. ती उजवीकडून पुढे आली आणि गाडी तिच्यावर वळली.

ती वाचली. पण गुडघा पुन्हा वाकला नाही, आणि छापखान्यातली उभ्याने करायची नोकरीही गेली.

घरात एकच वाद उरला.

"मी इंडिकेटर दिला होता."

"दिवा लागला नव्हता, बाबा."

शेवटी मिस्त्रीने आपले यंत्र जोडून माझी नोंद वाचली. माझ्यात एकही बिघाड लिहिलेला नव्हता, म्हणून मागे जाऊन दिवा कोणी पाहिलाच नाही. "काका, दिवा लागलाच असणार. ताईंचं लक्ष नसेल."

माझी साक्ष त्या मुलीच्या विरुद्ध गेली. त्यानंतर ती त्यावर बोलली नाही. बाबांशीही फारशी बोलली नाही.

कितीतरी महिन्यांनी एका संध्याकाळी मालकांनी गाडी बाहेर काढली. काय मनात आले कोण जाणे, त्यांनी ती पांढऱ्या भिंतीकडे पाठ करून लावली. डावा इंडिकेटर दिला, उतरले. भिंतीवर उजेड उघडमीट झाला. मग उजवा दिला. आत मी ठेक्यात टिकटिकत होते. ते मागे गेले. भिंत काळीच राहिली. मला बंद करायचेही भान त्यांना राहिले नाही.

लेक काठी टेकत दारात आली. तिनेही भिंत पाहिली.

"तू खरं सांगत होतीस, पोरी."

"मला माहीत होतं, बाबा." मग हळूच म्हणाली, "भिंत बघणं सोडा, असं मीच म्हटलं होतं."

दोघे तिथेच पायरीवर बसले. आत माझी टिकटिक चालूच होती.

त्यांनी पुन्हा गाडी चालवली नाही. ती भंगारात आली, आणि मी या फळीवर.

मित्रांनो, कोणी कटकट करून काही सांगत असेल, तर आधी त्याचे तोंड बंद करू नका. आणि माझ्यासारखी एखादी डबी सगळे ठीक आहे म्हणत असली, तरी निघण्याआधी एकदा खाली उतरा आणि स्वतःच्या डोळ्यांनी भिंत बघा. मागून येणारे तुमच्या दिव्याच्या भरवशावर येत असतात.