दुधाच्या फ्रीजजवळचा कोपरा

लोकशाहीचा इतिहास कधीकाळी सुवर्णाक्षरांत लिहिला गेलाच, तर आमच्या आयोवातल्या होल्डन क्रीक गावच्या प्राथमिक शाळेच्या जेवणघराला त्यात एक अख्खं प्रकरण द्यावं लागेल. त्या संध्याकाळी मात्र तिथे दुपारच्या तळलेल्या मासळीचा वास कोंडला होता. शिवाय लोकशाही वीस मिनिटं उशिरा सुरू झाली, कारण दिव्यांचं बटण कुठे आहे हे एकट्या शिपायाला माहीत होतं आणि तो लेकीच्या बास्केटबॉल सामन्याला गेला होता.

पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवताना आम्ही चिठ्ठीबिठ्ठी टाकत नसू. सगळ्यांनी एका खोलीत जमायचं आणि ज्याला जो उमेदवार पसंत, त्याच्या कोपऱ्यात चारचौघांदेखत जाऊन उभं राहायचं. शेकडा पंधरा माणसं भरली नाहीत तर तो कोपरा मोडायचा. मग पाव तासात दुसरीकडे जा, नाहीतर दुसऱ्यांना आपल्याकडे ओढा. नवराबायको वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे राहिले आणि पुढची चार वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, असं आमच्याकडे घडलेलं आहे. दोनतीन संसार तर त्यामुळेच टिकले.

मी चाळीस वर्षं जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात या उमेदवारांची टिंगल करून पोट भरलं. काम सोपं होतं. उमेदवार म्हणजे करड्या केसांचा, निळ्या सुटातला, रविवारी चर्चला जाणारा पन्नाशीचा गृहस्थ. एका निवडणुकीतला लेख पुढच्या निवडणुकीत नाव बदलून छापला तरी कुणाला पत्ता लागत नसे. उमेदवारालाही नाही.

मी निवृत्त झालो आणि नेमका तो मुहूर्त साधून सातजण उभे राहिले. ऐंशीच्या घरातल्या ज्यू माजी गव्हर्नरबाई, नुकतीच पस्तिशी ओलांडलेला शीख वकील, एक मुस्लिम डॉक्टर, इथल्या मूळ रहिवाशांपैकी एक जनरल, एक काळ्या न्यायाधीशबाई आणि सवयीने उभे राहिलेले दोन गोरे सिनेटर. यांच्यातून निवड करायला जमलेलो आम्ही शेहेचाळीसजण. आमच्यातलं वैविध्य म्हणजे, गावात एकाच लुथेरन पंथाची चर्चं दोन आहेत. एका चर्चमधली कॉफी जरा कडक असते.

डुकरं पाळणारा ऑर्विल शीख वकिलाच्या कोपऱ्यात छाती काढून उभा होता.

"तू कसा रे तिकडे?" मी विचारलं.

"तो गडी थेट माझ्या गोठ्यात शिरला, वेंडेल. बाकीच्यांनी फाटकातूनच फोटो काढले."

सभेच्या अध्यक्ष मार्लिस चाडेन, वय एक्याऐंशी, चर्चच्या गायनवृंदातला सगळ्यात मोठा आवाज, मुस्लिम डॉक्टरकडे होत्या. "त्याने माझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि उत्तर संपेपर्यंत थांबला," त्या म्हणाल्या. "माझा स्वतःचा डॉक्टर थांबत नाही मेला."

एवढ्यात मर्सिहा देलिच आत आली. वृद्धाश्रमातली ही परिचारिका मूळची बोस्नियातली, मुस्लिम. नागरिक होऊन तिला तीन वर्षं झाली होती आणि या सभेला ती पहिल्यांदाच येत होती. मार्लिसबाईंनी लगेच हात उंचावला. "या, या! तुमचा कोपरा इकडे!"

"माझा?" मर्सिहा म्हणाली. "डॉक्टर चांगले आहेत हो. पण मी न्यायाधीशबाईंची आहे."

मार्लिसबाई मानेपर्यंत लाल झाल्या. "नाही, म्हणजे... ते डॉक्टर, तुम्ही नर्स, म्हणून आपलं म्हटलं."

"हो हो, म्हणूनच," मर्सिहा इतक्या सभ्यपणे म्हणाली की मार्लिसबाई आणखी लाल झाल्या.

मोजणी झाली. कोपरा टिकायला सातजण हवे होते. न्यायाधीशबाईंकडे सहा भरले. मी नेहमीप्रमाणे दुधाच्या फ्रीजजवळ, अनिश्चितांच्या कोपऱ्यात, एकटाच. ऑर्विल माझ्यापुढे चॉकलेट केकचं ताट नाचवून गेला. मी केक घेतला, बाजू घेतली नाही.

मग मर्सिहा आली.

"मिस्टर रस्कँप, तुम्ही कुणाचे?"

"कुणाचाच नाही. टिंगल करणाऱ्याने कोपरा धरू नये, असा माझा नेम आहे."

"फ्रीजचा धरलात की."

"तुम्हाला न्यायाधीशबाईच का हव्यात, ते सांगा."

"आमच्याकडे आल्या होत्या. एका आजोबांनी त्यांना आपली बायको समजून हात धरला. कॅमेरेवाले निघून गेले तरी बाई तासभर हात देऊन बसल्या. आजोबांनी संसाराची सगळी गाऱ्हाणी सांगितली. बाई म्हणाल्या, चुकलंच माझं."

मी हसलो. ती हसली नाही.

"माणसं अशी कोपऱ्यांत वाटलेली मी याआधी एकदाच पाहिलीत, मिस्टर रस्कँप. तीही शाळेतच, बोस्नियातल्या युद्धात. एकोणीस वर्षांची होते. तेव्हा नावं वाचून कोपरा बंदूकवाले ठरवत होते. त्या कोपऱ्यातून या कोपऱ्यात कुणाला जाता येत नव्हतं." तिने खोलीभर नजर फिरवली. मार्लिसबाई आपल्याच नवऱ्याला दंडाला धरून ओढत होत्या. "आणि या म्हणून कुणी केकही देत नव्हतं. हा कोपरा मी निवडलाय. आज मला यातून कुणी उठवू नये, एवढंच."

  मी उरलेला केक फ्रीजवर ठेवला.

"दोन मिनिटं!" मार्लिसबाई ओरडल्या.

मी निघालो. अंतर असेल वीसेक पावलांचं, पण अख्खं जेवणघर वळून बघायला लागलं. "अरे, वेंडेल हलला!" ऑर्विल म्हणाला. मी गेल्यावर मर्सिहाने सगळ्यांना बोट लावून मोजलं, मग खात्री करायला पुन्हा उलटं मोजलं. दोन्हीकडून सातच. ती भिंतीला टेकली आणि तिने डोळे मिटले. पहिली टाळी मार्लिसबाईंनी वाजवली. अध्यक्षांनी वाजवायची नसते.

सहाजणांच्या खांद्याला खांदा लावून मी उभा होतो आणि मला एकाएकी सगळ्यांचे आभार मानावेसे वाटले. न्यायाधीशबाईंचे, डॉक्टरांचे, गोठ्यात शिरलेल्या वकिलाचे, माझे जुने लेख एका फटक्यात रद्दीत घातल्याबद्दल. त्या दोन सिनेटरांचेसुद्धा, एवढी वर्षं पोसल्याबद्दल. आणि सगळ्यात जास्त या बाईचे. मी घसा साफ केला.

"मर्सिहा, मला आज तुमचे मनापासून..."

"ते राहू दे हो," तिने एक कागद माझ्या हातात दिला. "आपल्या कोपऱ्याचा एक प्रतिनिधी जिल्ह्याच्या अधिवेशनाला पाठवायचाय. मार्चमधला शनिवार, सकाळी आठ ते पाच. आजची सुटी मिळवायला नेमका तोच शनिवार मी ड्यूटीला देऊन बसलेय. तुम्ही जाल ना? डबा आपला आपणच न्यायचा असतो म्हणे."