सुवर्णमहोत्सवातलं स्वागतगीत

महरीनच्या ओढणीला पिन लावताना सावित्रीबाईंच्या बोटाला टोचलं. त्यांनी बोट चोखलं आणि दुसरीच्या मुलींना रांगेत उभं केलं. चर्चच्या अंगणातला मांडव भरला होता. २००४ साल, शाळेला पन्नास वर्षं झाली होती. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं बाई इथल्या मराठी वर्गांना शिकवत होत्या.

स्वागतगीत छान झालं. मिरकरवाडा बंदरावरून आलेली महरीनची आई, सकिना, पुढे सरकून सरकून बघत होती. दोन वर्षांपूर्वी बाई स्वतः तिच्या दारात जाऊन बसल्या होत्या. "पोरीला माझ्याकडे दे. दहावीपर्यंत तिला कुठे हलवावं लागणार नाही," असं सांगून आल्या होत्या. पोरीला चर्चच्या शाळेत घातलं म्हणून सकिनाच्या सासरची मंडळी अजून कुरकुरत होती.

मग नव्यानेच नेमून आलेले फादर बोलायला उठले. बोलणं इंग्रजीत होतं. कॅथलिक शिक्षणाची परंपरा, सगळ्या धर्मांच्या लेकरांचं हे एक कुटुंब... बाई मान डोलावत ऐकत होत्या. शेवटी फादरांनी जाहीर केलं, जूनपासून शाळा पूर्णपणे इंग्रजी माध्यमाची होणार, मराठी वर्ग बंद. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाईंनी शेजारी पाहिलं. सिस्टर इमेल्डा मांडीवरच्या रुमालाची घडी मोडून पुन्हा घालत होती. इतकी वर्षं दोघी एका डब्यात जेवल्या होत्या. बाईंच्या बाळंतपणात हीच सिस्टर उशाशी बसून होती.

"तुला ठाऊक होतं?"

"दिवाळीपासून," सिस्टर हळूच म्हणाली. "बोलायचं नाही, असं वरून सांगितलं होतं. आणि तू मुलींचं गाणं इतक्या हौसेनं बसवत होतीस..."

"म्हणून बसवू दिलंस?"

सिस्टरने त्यांच्या हातावर हात ठेवला. बाईंनी आपला हात काढून घेतला, पदर सावरला आणि त्या उठल्या.

मांडवाच्या कडेला सकिना लेकीला सरबत पाजत होती. बाईंना बघून तिचा चेहरा फुलला.

"बाई, फादर काय बोल्ले? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या."

उद्या सांगता आलं असतं. तिच्या घरी जाऊन, नीट समजावून. बाईंनी महरीनच्या केसांवरून हात फिरवला.

"मराठी वर्ग बंद होतायत, सकिना. जूनपासून. हिला दुसरी शाळा बघावी लागेल."

सकिनाने ग्लास खाली ठेवला.

"तुम्ही तर दहावीपर्यंत म्हणाला होतात."

"मलाही आत्ताच कळलं गं. देवाशप्पथ."

सकिनाने लेकीची ओढणी सारखी केली. मग बंदरावरच्या साहेबाला म्हणावं तसं म्हणाली, "हां, बाई."

लेकीचा हात धरून ती फाटकाकडे निघाली. महरीन वळून वळून हात हलवत होती. बाईंनीही हलवला. सकिनाने मागे पाहिलं नाही.