जैतूच्या करदोट्यातलं नाणं

शालन रोकडे एसटीत कंडक्टर झाली ती नवऱ्याच्या जागेवर. तो ड्रायव्हर होता, ऐन चाळिशीत गेला. पहिल्याच महिन्यात शहापूर-मुरबाड गाडीत शेणव्याला चढलेल्या कुणीतरी गर्दीचा फायदा घेऊन तिच्या हातावर एक खोटं नाणं टेकवलं. घरी येऊन ती चिडून ते फेकणार होती. पण नाण्याला मधोमध भोक होतं आणि कडेनं बारीक इंग्रजी अक्षरं होती, 'ईस्ट आफ्रिका'. शेणव्याच्या थांब्यावरच्या माणसाच्या खिशात आफ्रिका आली कुठून? या एका प्रश्नानं तिला धरलं ते कायमचं. नाणं फेकायचं राहिलं आणि बिस्किटांच्या डब्यात जाऊन पडलं.

मग गाडीतल्या लोकांनाही तिचा हा नाद कळला. आखातातून सुट्टीवर आलेले कुवेतची फिल्स नाणी आणून द्यायचे. किन्हवलीच्या एका म्हातारीनं गोव्याचं पोर्तुगीज नाणं दिलं, तिच्या नवऱ्यानं बोटीवर नोकरी केली होती. "आडनाव रोकडे आणि जमवती नाणी, मग काय!" असं म्हणून ड्रायव्हर लोक हसायचे. तीही हसायची.

मुरबाडला गाडी पाऊण तास थांबायची. तेवढ्या वेळात ती स्टँडमागच्या आळीत विशे सरांकडे जायची. जयराम विशे हे हायस्कूलचे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या बैठकीत भिंतभर काचेची कपाटं होती, त्यांत देशोदेशीची नाणी. नाणं कडेनं धरायचं, चिंच लावून घासायचं नाही, नवं नाणं मिळालं की त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवायची आणि ठसा वहीत चिकटवायचा, हे सगळं तिला सरांनी शिकवलं. सरांच्या पत्नी भागीरथीबाई चहा आणायच्या. चौदा एप्रिलला सर तिच्या घरी शहापूरला जेवायला यायचे, पंगतीत सगळ्यांबरोबर मांडी घालून बसायचे. गावातल्या किती माणसांनी आजवर तिच्या घरचं पाणी टाळलं होतं ते शालनला माहीत होतं. म्हणून सरांचा शब्द तिला बापाच्या शब्दासारखा होता.

जैतू वाघ हा शेणव्याच्या वरच्या वाडीतला ठाकूर आदिवासी. उन्हाळ्यात करवंदं, पावसात रानभाज्या घेऊन तो आणि त्याची बायको लहानी मुरबाडच्या बाजाराला जायची. एकदा त्यांच्या मुलीला, भिमीला, गाडीतच कळा सुरू झाल्या. शालननं ड्रायव्हरला सांगितलं, "आता मधे कुठं थांबायचं नाय. सरळ दवाखाना." प्रवासी कुरकुरले. तिनं कुणाला जुमानलं नाही. भिमीला मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या.

पंधरा दिवसांनी जैतू बाजाराचं ओझं नसतानाही गाडीत चढला. कमरेच्या करदोट्यातून सोडवून त्यानं एक वस्तू तिच्या हातावर ठेवली. बोटाएवढी चांदीची तार, मधोमध दुमडून चपटी केलेली, बायका केसांत पिन खोचतात तशी दिसणारी. चपट्या अंगावर परकी अक्षरं होती आणि एका टोकाला छिन्नीचा खोल घाव.

"तुमी जुनी नाणी ठेवता ना, बाई. हे आमच्या बाच्या करदोट्याला व्हतं. त्याच्याबी बाच्या. ठेवा तुमी."

"अवो जैतूबाबा, घरातली वस्तू अशी देतात काय?"

"तुमी वाचवली ती पोरगीबी घरातलीच हाय ना माझी?" असं म्हणून तो पुढच्या थांब्यावर उतरून गेला.

शालननं घरी जाऊन ठसा घेतला, वहीत चिकटवला, खाली तारीख आणि 'जैतू वाघ, शेणवे' असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी नाणं सरांना दाखवलं.

सरांनी भिंगातून नाणं पाहिलं. भिंग पुसून पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसलं. मग म्हणाले, "याला लारी म्हणतात. इराणात लार नावाचं शहर आहे, त्यावरून. चारशे वर्षांपूर्वी होर्मुझपासून आपल्या चौल-दाभोळपर्यंत या तारेवर व्यापार चालायचा. आदिलशहानंही पाडल्या." शालनच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात सरांनी भिंग खाली ठेवलं. "पण ही ती नव्हे. ही नक्कल आहे. हल्ली कुणीतरी अशा तारा ओढून जत्रांतून खपवतो. आदिवासींच्या हातून दिल्या की लोकांचा विश्वास बसतो. तुमचा माणूस त्यातलाच दिसतो."

"पण त्यानं पैसे नाही मागितले, सर."

"आज नाही मागितले. उद्या दहा घेऊन येईल." मग हलकेच म्हणाले, "इथंच राहू द्या. मुलांना खोटं कसं ओळखायचं ते दाखवायला होईल."

तिनं ठेवलं. हातातून काही निसटतंय असं तिला वाटलंसुद्धा नाही. मनात फक्त जैतूचा राग होता. भिमीसाठी आपण कुणाकुणाचं ऐकून घेतलं, आणि यानं आपल्याला जत्रेतली तार देऊन बापाची गोष्ट सांगितली!

आठवड्यानं तो बाजाराला निघाला तेव्हा गाडी भरलेली होती. तिकीट फाडताना ती सगळ्यांदेखत म्हणाली, "जैतूबाबा, ते नाणं खोटं निघालं. कुठून आणलंत?"

"बाचं हाय, बाई. सांगितलं ना."

"सरांनी बघितलंय. असं आणखी कुणाला देऊ नका, पोलीस धरतील."

मागून कोणीतरी म्हणालं, "जैत्या, तुझा बा नोटाबी छापायचा काय रं?" सगळी गाडी हसली. लहानीनं टोपली मांडीवर ओढून घेतली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. त्या दिवसानंतर ती दोघं पुन्हा कधी शालनच्या गाडीत चढली नाहीत. तीन वर्षांनी जैतू गेल्याचं तिनं थांब्यावर ऐकलं. वाईट वाटलं. पण वाडीवर जाऊन भेटावं इतकं नाही वाटलं.

गेल्या वर्षी शालन निवृत्त झाली. यंदा सरांना पंचाहत्तरावं लागलं, म्हणून जुन्या विद्यार्थ्यांनी मुरबाडला एका सभागृहात त्यांच्या संग्रहाचं प्रदर्शन भरवलं. शालन पहाटेच आवरून नव्या साडीत गेली. सरांना द्यायला म्हणून पिशवीत तिची ठशांची वही होती. त्यांचीच शिकवण, त्यांनी एकदा डोळ्यांखालून घालावी.

मधल्या टेबलाभोवती गर्दी होती. मुंबईहून आलेले एक नाणेतज्ज्ञ समोरच्यांना सांगत होते, "अख्ख्या प्रदर्शनात हे एक पाहिलंत तरी येण्याचं सार्थक. इतकी स्वच्छ अक्षरं असलेली लारी मी फार थोड्या वेळा पाहिली आहे." शालन वाकली. काचेखाली दुमडलेली तार होती. टोकाला घाव. शेजारी कार्ड, 'लारी. चांदी. आदिलशाही. जयराम विशे संग्रह. विशे घराण्यात वंशपरंपरेने आलेली.'

तिला वाटलं, असेल दुसरी. सरांना कुठूनतरी खरी मिळाली असेल. तिनं वही काढली, पान शोधलं आणि काचेवर धरलं. घाव तिथंच, तेवढाच, त्याच बाजूला तिरपा. शेवटचं अक्षर अर्धं झिजलेलं, ठशातही अर्धंच. खुर्च्यांच्या रांगेत सर हार घालून बसले होते. ती त्यांच्यापाशी गेली.

"सर, ती लारी जैतूची आहे."

सरांनी वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "हळू बोला, शालनताई."

"खरी होती?"

"पहिल्या नजरेतच कळलं होतं." त्यांनी गळ्यातला हार सारखा केला. "चाळीस वर्षं शोधत होतो मी. समोर आली आणि हात सुटेना. तुमच्याकडे ती बिस्किटांच्या डब्यात पडली असती. इथं तिचं नाव झालं."

"मागितली असती तर दिली असती, सर. तुम्हाला काय नाही दिलं?"

सर काचेच्या टेबलाकडे पाहत राहिले.

"हात सुटेना, ते समजलं मला. जमवणारीच आहे मी. पण जैतूचं नाव का घेतलंत? नाणं खोटं म्हणून थांबायचं. माणसाला का खोटं केलंत?"

"तसं म्हटलं नसतं तर तुम्ही त्याला विचारत बसला असतात," सर म्हणाले, आणि आपण काय बोलून गेलो ते कळून त्यांनी मान खाली घातली.

शालन उभीच राहिली. पंचवीस वर्षं तिचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत गेला होता. तिनं मनाशी ठरवलं, त्या दिवशी अख्ख्या गाडीनं ऐकलं, तर आजही ऐकलं पाहिजे.

"हे नाणं शेणव्याच्या वाडीवरच्या जैतू वाघाचं आहे," ती म्हणाली. टेबलाभोवतीचे सगळे वळले. "त्यानं ते मला दिलं. मी सरांना दाखवायला आणलं. सरांनी खोटं म्हणून ठेवून घेतलं. हा त्याचा ठसा, तारखेसकट."

तज्ज्ञांनी वही मागितली, भिंग लावून ठसा नाण्याशी ताडून पाहिला आणि मान डोलावून वही परत दिली. कुणी सरांच्या बाजूनं बोललं, कुणी तिला कार्यक्रमाची शोभा घालवलीत म्हणालं. शेवटी पुढच्या रांगेतून भागीरथीबाई उठल्या. नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशातून त्यांनी किल्ली काढली, काच उघडली आणि लारी शालनच्या हातावर ठेवली. सरांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी शालन वाडीवर गेली. लहानी अंगणात मोहाच्या बिया फोडत होती. तिनं ओळखलं, पण 'बस' असं म्हणाली नाही. शालननं उभ्यानंच सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. मग लारी पुढं केली. "मावशी, खरं नाणं आहे. जैतूबाबा खरं बोलत होते. माझी चूक झाली."

लहानीनं हातातला दगड खाली ठेवला. "आता खरं झालं काय हे? कोन बोललं?"

"मुंबईचे मोठे तज्ज्ञ."

"म्हंजे तवाबी दुसऱ्याचंच ऐकलंस, आताबी दुसऱ्याचंच." लहानीचा आवाज चढला नव्हता. "तो तर पयल्या दिवशीच सांगत व्हता. त्याचं नाय चाललं तुला."

कालपासून शालन स्वतःला फसवली गेलेली समजत होती, आणि ते खोटंही नव्हतं. सरांनी तिला फसवलंच होतं. पण जैतूला सरांनी फसवलं नव्हतं. सर त्याला ओळखतही नव्हते. भरल्या गाडीत त्याला विचारणारी ती होती.

"तो मंग बाजारला जायचा तर चालत," लहानी म्हणाली. "डोंगरावरून. मी बोलायची, दुसरी गाडी हाय ना. तर नको बोलायचा. मानसं तीच असतात बोलायचा."

तिनं लारी घेतली, न बघताच पदराच्या टोकाला बांधली आणि पुन्हा बिया फोडायला लागली. शालन जायला वळली.

"थांब," मागून लहानी म्हणाली. "भिमी वीटभट्टीवरनं येल आता. तिला बा खोटारडा वाटतो. सासरचीबी तेच बोलून दावतात तिला. तूच सांग तिला. मी सांगून उपेग नाय."

शालन ओट्याच्या कडेला बसली. पिशवीत फोन वाजत होता, सरांचा होता. तिनं तो बंद केला. ऊन उतरायला लागलं तेव्हा पायवाटेवर भिमी दिसली, डोक्यावर पाटी, बोटाला धरलेली सातेक वर्षांची मुलगी. अंगणात एसटीवाली बाई बसलेली पाहून भिमी जागीच थबकली, आणि मुलीला तिनं मागं घेतलं.

शालन उठून उभी राहिली. मग ती म्हणाली, "भिमी, तुझा बाप खरं बोलत होता. मी ऐकलं नाय."