तीन नंबरची तोटी

बावन्न वर्षांची झाले मी, नात झालीय मला, तरी घरी बिअर करणाऱ्यांच्या आमच्या मंडळातला व्हर्न पेगेल मला अजून "पोरी"च म्हणतो. म्हणू दे, त्याचं मला काही नाही. पण त्या शनिवारी माझ्या बिअरचा एक घोट घेऊन, डोळे मिटून तो सगळ्यांसमोर म्हणाला, "पोरी, लोणी लागतंय गं," आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आम्ही विस्कॉन्सिनची माणसं, लोण्या-चीजवर वाढलेली. पण घरी केलेल्या बिअरला लोण्याची चव येणं म्हणजे आमच्यात अब्रूच गेली. घाई केली, यीस्टला पुरतं काम करू दिलं नाही, असाच त्याचा अर्थ. मी आणि घाई! नऊ आठवडे तळघरात थंड ठेवली होती ती लागर, म्हणजे थंडीतच मुरवायची बिअर. रोज सकाळी जाऊन तिचं तापमान बघायचे. माझा नवरा रॉय म्हणायचा, "मला न्यूमोनिया झाला तेव्हा एवढ्या वेळा थर्मामीटर लावला नव्हतास."

गावच्या जूनमधल्या जत्रेत आमच्या मंडळाचा तंबू असतो. तिथं लोकांना फुकट पाजायला एकाच सभासदाची बिअर जाते, आणि बाहेरच्या फळीवर त्याचं नाव खडूनं मोठ्ठं लिहितात. गेली अकरा वर्षं तिथं कधी व्हर्न, कधी ड्वेन, कधी पुन्हा व्हर्न. एकदा तरी तिथं 'लव्हॉन टेश' लिहिलेलं मला बघायचं होतं. ह्यात लाजायचं काय?

निवड व्हायची ड्वेन कुबास्ताच्या गॅरेजात. तिथं मंडळाचा जुना फ्रीज आहे. आत बिअरची पोलादी पिंपं, दाराला तीन तोट्या, आणि पिंपापासून तोटीपर्यंत प्रत्येकी एकेक लांब नळी. यंदा शेवटच्या फेरीत दोनच उरलो होतो, एक नंबरवर व्हर्न आणि तीन नंबरवर मी. दोघांचीही फिकट सोनेरी लागर, शेजारी ठेवली तर ओळखू येणार नाही अशी.

मी माझा ग्लास भरून घेतला. लोणी होतंच, खोटं कशाला बोलू. पण घरून निघताना त्याच पिंपातली चाखली होती, तेव्हा त्याचा मागमूस नव्हता.

"नळी घाण आहे," मी म्हटलं. "आत जंतू साचले की चांगल्या बिअरलाही असंच लोणी लागतं."

ड्वेन फिसकन हसला. "नाचता येईना अंगण वाकडं."

"कोणी धुतली होती शेवटची?"

आमच्या मंडळाचा नियम असा, की ज्याच्या ग्लासात पिंपातला शेवटचा थेंब पडेल त्यानं नळी धुवायची. आधी कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवायचं, मग साधं, मग तोटी खोलून ब्रश मारायचा. पाऊण तासाचं काम, हाताला वास राहतो तो वेगळाच. म्हणून शेवटचा थेंब कोणी घेतच नाही. पिंप हलवून बघायचं, आत दोन ग्लास खळखळले की तसंच सोडवून बाजूला ठेवायचं आणि त्याच नळीला दुसरं पिंप जोडायचं. संपलं कुठं? संपलं नाही तर धुवायचं कशाला? मीही एकदा केलंय असं, मान्य करते.

"तीन नंबरला माझं पिंप होतं," व्हर्न शांतपणे म्हणाला. "पण ते संपलं नव्हतं."

आणि मग त्यानं मला वीस मिनिटं शिकवलं. यीस्ट म्हणजे काय, थंडी म्हणजे काय, धीर म्हणजे काय. बाकीचे माना डोलवत होते. मत घ्यायची वेळ झाली तेवढ्यात ड्वेन म्हणाला, आधी सॉसेज खाऊन घेऊ, आणि सगळे बाहेर शेगडीपाशी गेले. नडीन तेवढी आत राहिली. ती मंडळाची वही लिहिते, आणि आमच्यात तिच्याइतकं कमी बोलणारं कोणी नाही.

मी फ्रीज उघडला. व्हर्नचं पिंप एक नंबरवरून सोडवलं आणि तीनच्या नळीला लावलं, माझं एकला. नळ्यांत आधीची उरली होती ती ग्लासभर सोडून दिली, आणि दार लावलं. नडीननं सगळं बघितलं, चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला. अर्धा तास दोन्ही बिअर आपापल्या नळीत उभ्या राहिल्या.

मंडळी पोट भरून आत आली तसं मी म्हटलं, "मत द्यायच्या आधी एकदा परत चाखा. मग मी गप्प बसते."

"हट्टी आहेस," म्हणत व्हर्ननं तीन नंबरचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "तेच. आता तर आंबटही लागतेय. पोरी, ही बिअर लोकांपुढं ठेवायची नसते, ओतून द्यायची असते." मग एक नंबरची घेतली, जिभेवर घोळवली. "आणि ही बघ. ह्याला म्हणतात धीर."

ड्वेन म्हणाला, "जमीन-अस्मानाचा फरक आहे."

मी दार उघडलं. व्हर्नच्या पिंपावर निळ्या पट्टीवर त्याचं नाव असतं, त्याच्याच अक्षरात. त्या पिंपाची नळी तीन नंबरच्या तोटीला गेलेली सगळ्यांना दिसली. मी तोटी फिरवून काढली, आत बोट घातलं आणि बाहेर काढून त्याच्यापुढं धरलं. बोटाला पिवळट बुळबुळीत थर आला होता.

"एक नंबर मात्र स्वच्छ आहे," मी म्हटलं. "ती कधी धुतलीस?"

त्यानं हातातला ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "गुरुवारी."

"स्वतःची तेवढी धुतलीस. हिची अवस्था ठाऊक होती तुला?"

"होती."

"ठाऊक असून मला धीर शिकवत होतास? चौतीस वर्षं डेअरीत दुधाच्या नळ्या धुतल्यास ना रे? तिथं ही असली नळी ठेवली असतीस तर दुपारपर्यंत घरी पाठवलं असतं तुला. आणि इथं चोर सोडून संन्याशाला फाशी!"

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "माझं नाव काढून टाका," तो म्हणाला. "जत्रेत लव्हॉनची जाऊ दे." आणि स्वतःच पहिला हात वर केला. मागोमाग बाकीचे वर झाले. ड्वेननं तर दोन्ही केले.

आनंद व्हायला हवा होता. पण व्हर्नचं ते "ओतून द्यायची असते" डोक्यातून जाईना. हेच शब्द, ह्याच गॅरेजात, मी आधी एकदा ऐकले होते.

"नडीन," मी म्हटलं, "दोन वर्षांमागं सप्टेंबरात मी काळी बिअर आणली होती. ती कुठल्या तोटीवर होती, बघ जरा."

तिनं पानं उलटली. बोट एका ओळीवर थांबलं आणि तिनं मान वर केली नाही. "तीन."

ती बिअर मी माझ्या मुलाच्या लग्नासाठी केली होती. केविनला लहानपणापासून कॉफीचा वास आवडायचा, म्हणून भाजलेले जव घालून. मांडवात माझी बिअर असेल असं त्याला केव्हाचं कबूल केलं होतं. लग्नाच्या दहा दिवस आधी, पाहुण्यांपुढं ठेवण्याजोगी आहे का, हे विचारायला थोडी इथं घेऊन आले. व्हर्न म्हणाला लोणी लागतंय, असली ओतून द्यायची असते. ह्या जुन्या माणसांपुढं माझ्या जिभेची काय किंमत, असं वाटलं मला. घरी जाऊन चारही पिंपं मी गॅरेजमागं उलटी केली, एक घोटसुद्धा न चाखता. आणि तेव्हाही लोणी बिअरचं नव्हतं, ह्याच नळीचं होतं.

हे मी त्यांना सांगितलं, सगळं. आवाज चढला माझा, चढू दिला.

व्हर्न खाली वाकून नळी धुवायला सिंकखालची बादली शोधत होता. मला त्याची दया आली नाही. केविनचं लग्न एकदाच झालं, आणि तिथं दोनशे माणसं दुकानातली बिअर प्यायली.