डब्याच्या जागी आलेली मुकी गाडी

मित्रांनो, मी एक जुन्या चेहऱ्याची नवी गाडी आहे. मला छप्पर नाही, दारं नाहीत, काच म्हणाल तर समोर एकच. बसायला चार जागा, दोन गोल दिवे आणि दोन्ही बाजूंना पत्र्याच्या रुंद पेट्या, एवढाच माझा संसार. आमच्या जातीला मोक म्हणतात. ऑस्ट्रेलियाकडच्या बोलीत मोक म्हणजे मरतुकडं घोडं. नाव असं असलं तरी आमची कुणाला कधी लाज वाटली नाही, उलट लोकांनी आमचे लाडच केले.

माझ्या पूर्वजांना सैन्यासाठी घडवलं होतं. त्यांना विमानातून छत्रीनं खाली सोडायचं आणि सैनिकांनी पळवायचं, असा बेत होता. पण चाकं इतकी लहान, की चिखल दिसला की ती रुतलीच म्हणून समजा. सैन्यानं हात जोडले. मग समुद्रकाठच्या माणसांनी त्यांना आपलंसं केलं. मासे, केळी, ओली पोरं, काहीही भरा आणि निघा! पुढे त्यांचं बनणं थांबलं. बऱ्याच वर्षांनी लोकांना त्यांची आठवण छळू लागली, तेव्हा कारखान्यात माझा जन्म झाला. अंग जुन्यासारखं, पोटात मात्र इंजिनाऐवजी बॅटरी. मला बघून प्रत्येक जण म्हणे, "हुबेहूब!" हा शब्द मी इतक्यांदा ऐकला, की मला तेच आपलं नाव वाटू लागलं. थोडा गर्वही झाला. तो किती दिवस टिकला, ते आता सांगते.

मला ब्रिस्बेनमधल्या लिनेटनं विकत घेतलं आणि पॅसिफिक महासागरातल्या नॉरफोक बेटावर, आपल्या आईवडिलांकडे पाठवलं. तिथं बंदर नाही. जहाज खोल पाण्यात थांबलं, आणि दोन होड्या एकमेकींना बांधून, त्यांवर फळ्या टाकून मला त्या फळ्यांवर उतरवलं. खाली समुद्र उसळत होता. नावाड्यांचा म्होरक्या, ज्याला सगळे 'खेकडा' म्हणत, माझ्या दिव्याला धरून ओरडत होता, "हलू नकोस गं बये, पोहता येतं का तुला?" त्याचं खरं नाव काय, ते मला आजही ठाऊक नाही. टेलिफोनच्या पुस्तकातसुद्धा त्याचं टोपणनावच छापलेलं आहे.

धक्क्यावर चाकं टेकली आणि मी हादरले. समोर मीच उभी होते! तोच पिवळा रंग, तेच गोल दिवे. पण रंगाचे पोपडे सुटलेले, एक दिवा फुटलेला, आणि तळाला एवढं मोठं भोक, की त्यातून धक्क्याचे दगड दिसत होते. आरशात बघावं आणि आतून आपलंच म्हातारपण आपल्याकडे बघत असावं, तसं मला झालं.

ती लिनेटच्या वडिलांची, ओबेद अंकलची जुनी मोक होती. सगळं बेट तिला 'डबा' म्हणे. बेचाळीस वर्षं तो डबा अंकलसाठी धावला होता. खाऱ्या वाऱ्यानं त्याची हाडं खाल्ली, तेव्हा कुठे तो थांबला. ज्या फळ्यांवरून मी उतरले, त्याच फळ्यांवर आता त्याला चढवत होते, भंगार म्हणून.

"पूर्वी निकामी गाड्या कड्यावरून समुद्रात ढकलायचे," खेकडा म्हणाला. "याला निदान जहाजाचं तिकीट मिळालं. नशीब काढलंन डब्यानं!"

कुणी हसलं नाही. अंकलनी गाडीच्या मागच्या दांडीला तारेनं लोंबणारा बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा सोडवून काखेत मारला. त्याच्यावरूनच गाडीचं ते नाव पडलं होतं. मग होड्या निघाल्या, आणि माझाच चेहरा लाटांवर खालीवर होत दूर गेला.

डॉर्कस आंटी, म्हणजे लिनेटची आई, माझ्याजवळ आल्या. सहा वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं होतं. उजेड कुठे आणि सावली कुठे, एवढंच त्यांना कळे. त्यांनी माझ्या नाकाडावरून, दिव्यांवरून सावकाश हात फिरवला.

"चेहरा तर डब्याचाच आहे," त्या म्हणाल्या. "आता सुरू कर बघू."

अंकलनी किल्ली फिरवली.

"अरे, फिरव ना!"

"फिरवलीय, डॉर्क. सुरू आहे ती."

"सुरू आहे? मग श्वास कुठंय हिचा?"

"विजेवरची आहे. लिनेट म्हणाली ना, अजिबात आवाज नाही."

"म्हणजे पोरीनं मुकी पाठवली म्हण की!"

आजूबाजूचे सगळे खो खो हसले. मला राग आला. एवढा हुबेहूब चेहरा घेऊन मी आले, आणि ही बाई मला मुकी म्हणते!

त्या बेटाच्या दोन रीती आहेत. पहिली, रस्त्यात समोरून कुणीही आलं, ओळखीचं असो नसो, हात वर करायचा. न केला तर तो अपमान समजतात. दुसरी, गाडीची किल्ली गाडीतच ठेवायची. कुणाला गरज लागली तर त्यानं न्यावी, काम झालं की आणून लावावी. पहिल्या आठवड्यात मला एवढे हात झाले, की मी फुलून गेले. शाळेची मुलं हात करत, पाद्री करत, झाडावर चढलेला माणूससुद्धा एक हात सोडून करे.

फक्त आंटी करत नसत. आम्ही घरापाशी यायचो तेव्हा त्या फाटकाजवळच्या बाकावर शेंगा सोलत बसलेल्या असत. तोंड माझ्याकडेच, पण हात शेंगांत. एकदा खेकड्याच्या बोलण्यातून मला कळलं, की डब्याला त्या रोज हात करत. डबा टेकडीवर असतानाच फाटकात येऊन उभ्या राहत, म्हणे. मग मला का नाही? मी मनात पक्कं केलं, की आंटींना मी आवडत नाही.

एक इशारा मला मिळाला होता, मित्रांनो, पण मी तो ओळखला नाही. तिथं गाई रस्त्यावर मोकळ्या फिरतात आणि पहिला मान त्यांचा असतो. एकदा एक तांबडी गाय वळणावर पाठमोरी उभी होती. आम्ही अगदी तिच्या शेपटीपाशी गेलो तरी ती हलली नाही. अंकल "हो, हो!" ओरडले, तेव्हा ती अशी दचकली, की उडी मारून कुंपणात घुसली.

"डब्याला बघून तर दोन वळणं आधीच बाजूला व्हायची," अंकल हसत म्हणाले.

बघून नव्हे. ऐकून! पण हे ना त्यांच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

मग तो गुरुवार आला. दुपारी आम्ही केळ्यांचा घड घेऊन घरी निघालो होतो. अगदी सावकाश, बैलगाडीच्या चालीनं. घराजवळच्या अरुंद रस्त्यावर खेकड्याचा मालवाहू टेम्पो घरघरत समोरून आला. रीतीप्रमाणे त्यानं हात वर केला. अंकलनीही केला, आणि तो बाजूनं जाताना मान वळवून म्हणाले, "काय रे, आज पण रिकाम्या हाती?"

"मासे म्हणाले, आधी ओबेदला गळ टाकणं सोडू दे!"

तेवढाच एक क्षण. पेरूच्या कुंपणाआड आंटी उभ्या होत्या, हातात पिल्हीचं, म्हणजे केळी कुस्करून भाजलेल्या वड्यांचं भांडं. शेजारणीकडे निघाल्या होत्या. टेम्पोचा आवाज दूर गेला, रस्ता रिकामा झाला असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी पाऊल पुढे टाकलं.

माझा डावा कोपरा त्यांना लागला.

भांडं फुटल्याचा आवाज मी आजही विसरलेले नाही. मी जागच्या जागी थिजले. आंटी गवतात पडल्या होत्या, एक हात अंगाखाली. अंकल खाली उतरून त्यांच्याकडे धावले.

आंटींनी डोकं उचललं. "कोण आहे?" त्यांनी विचारलं. "कशाचा धक्का लागला मला?"

मित्रांनो, तेव्हा मला सगळं कळलं. मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभी होते, माझे दोन्ही दिवे त्यांच्याकडे होते, आणि त्यांच्या लेखी मी तिथं नव्हतेच. त्या बाकावरून माझ्याकडे बघत असत असं मला वाटे, तेव्हाही मी नव्हतेच. ज्याचं येणं ऐकूच येत नाही, त्याला हात कसा करणार?

आंटींचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून त्या त्याच संध्याकाळी घरी आल्या. अंकलनी मला मागच्या पडवीत ढकललं, वर ताडपत्री टाकली, आणि माझी किल्ली काढून खिशात घातली.

ही बातमी अपघातापेक्षा मोठी झाली. ओबेदनं किल्ली काढली! बेटावर असं कुणी कधी केलं नव्हतं. खेकडा धावत आला.

"अंकल, हे काय? चोर कुठून आणायचा आता आम्ही?"

"चोराची भीती नाही रे," अंकल म्हणाले. "माझीच वाटते. पुढच्या जहाजानं परत पाठवतोय हिला. मी पुन्हा गाडीला हात लावणार नाही."

"आणि आठ जूनला आंटींना खाली कसं नेणार? पाठीवर घालून?"

आठ जून म्हणजे बेटावर पूर्वज उतरले तो दिवस. सगळी घरं पांढरे कपडे घालून खाली समुद्राकाठी जमतात, मिरवणूक निघते, मग हिरवळीवर एकत्र जेवणं होतात. आंटींनी जन्मात तो दिवस चुकवला नव्हता. खेकड्यानं आपल्या टेम्पोत न्यायचं कबूल केलं, पण आंटी म्हणाल्या, "मी नवऱ्याबरोबर जाईन, नाहीतर घरी बसेन." आणि नवरा तर गाडीचं नाव काढू देत नव्हता.

दोन महिने मी अंधारात होते. कोंबड्या माझ्या बाकांवर अंडी घालू लागल्या. हुबेहूब चेहऱ्यावर जाळी धरली. जून लागला. जहाज दोन दिवसांवर आलं, असं मी ऐकलं.

त्या सकाळी पडवीत पावलं वाजली. आंटी भिंतीला हात लावत आत आल्या. खिळा चाचपडून त्यांनी त्यावरचा बिस्किटांचा डबा काढला, जुन्या गाडीचा, आणि ताडपत्री ओढून माझ्या मागच्या बाजूला आल्या. त्या डब्यात अंकल गळाला लावायची शिशाची वजनं ठेवत. आंटींनी चांगल्या हातानं तो उचलला आणि जोरात हलवला.

खळ्ळ, खुळुक, खळ्ळ!

अंगणात बादली पडली. अंकल धावत दारात आले. चेहरा पांढराफटक.

"डॉर्क! कोण... डबा आला?"

"डबा जहाजानं गेला, ओबेद. मी स्वतः हात केलाय त्याला." आंटी दम खाऊन म्हणाल्या, "मला सांग, बेचाळीस वर्षं मी त्या पत्र्याला हात करत होते का? हे खुळखुळलं, की मला कळायचं, तू आलास. नवी गाडी आल्यापासून तू एकदाही घरी आलेला नाहीस. एकदम खुर्चीत असतोस, भुतासारखा!"

अंकल माझ्या बाकावर, अंड्यांशेजारी, मटकन बसले. "मी तुला पाडलं, डॉर्क."

"पाडलंस. मी पण बघून पाऊल टाकायला हवं होतं, पण मला दिसत नाही. तुला दिसतं, तर समोर बघ. हात करायचा तर कर, पण मान वळवून गप्पा मारू नकोस. आणि ही तार पकड, माझ्या एका हातानं बांधता येत नाही."

त्यांनी तो डबा माझ्या मागच्या दांडीला बांधला. अंकलनी खिशातून किल्ली काढून माझ्यात लावली. ती तिथंच राहिली, आजही तिथंच आहे. जहाज आलं आणि माझ्याविना गेलं. आठ जूनला पांढऱ्या कपड्यांतल्या आंटी माझ्या पुढच्या जागेवर बसून खाली गेल्या. गाई दोन वळणं आधीच बाजूला झाल्या. खेकडा दोन्ही हात वर करून ओरडला, "अरे, डबा मेलेला नाही रे!"

मित्रांनो, माझा चेहरा डब्यासारखा होता म्हणून मी स्वतःला डबाच समजले. डबा कुणाकुणाच्या उपयोगी पडत होता, ते मी विचारलंच नाही. तुमच्या घरात जुन्याच्या जागी काही नवं आलं, तर तेवढं जरूर विचारा. आणि आमच्यासारख्या मुक्या गाड्या आता तुमच्याही रस्त्यांवर येऊ लागल्या आहेत. रस्ता ओलांडताना नुसत्या कानांवर विसंबू नका. ज्यांना दिसत नाही, त्यांचा हात धरा.

काल संध्याकाळी आम्ही टेकडीवरून उतरत होतो. घर अजून झाडांआड होतं. अंकल समोर बघत होते. मागे डबा खुळखुळत होता. वळण संपलं तेव्हा आंटी फाटकात आधीच उभ्या होत्या, आणि त्यांचा हात वर होता.